मंडपातला माईक आणि एचएफ सेट

जुना आयकॉम कंपनीचा एचएफ सेट, म्हणजे हौशी रेडिओवर दूरवर बोलायचा सेट, मिळाला, पण त्याबरोबर माईक नव्हता. कंपनीचा हँडमाईक मागवता आला असता. पण त्यात इलेक्ट्रेट कॅप्सूल (चालायला वीज लागणारा माईकचा गाभा) असते आणि ती खोलीतलं सगळं उचलते. लातूरच्या एप्रिलमध्ये कूलर बंद करून बोलत बसणं कुणाला जमत नाही. मला फक्त तोंडासमोरचा आवाज घेणारा, आतल्या कॉइलवर चालणारा डायनॅमिक माईक हवा होता, आणि तसे माईक आपल्याकडे गावोगावी आहेत. सप्त्याच्या मंडपात कीर्तनकाराच्या पुढ्यात असतो तोच.

आवाज स्वच्छ जाण्याबद्दल मी आग्रही आहे, त्याला कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी या भागातून निरोप पोचवले होते. अशा वेळी गावाचं नाव चुकीचं ऐकू गेलं तर मदत भलतीकडे जाते. आपल्याकडे लोहा नांदेड जिल्ह्यात आहे आणि लोहारा धाराशिवमध्ये. उमरी नांदेडला, उमरगा पुन्हा धाराशिवला. शेवटचं एक अक्षर गिळलं गेलं की जिल्हाच बदलतो.

साऊंड सिस्टीमचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या पोराने त्याच्या पेटीतला एक माईक काढून दिला. "घ्या काका, कॉइल चांगली हाय, बटणच गेलंय." घरी आणून मल्टीमीटर ओहमवर ठेवून टोकं लावली. आकडा काहीशे ओहम आला आणि टोक टेकवताना जाळीतून बारीक टक्क ऐकू आलं. एवढ्यावर कॉइल जिवंत आहे हे कळतं.

मग पिना. सेटच्या तोंडावरचा आठ पिनांचा गोल सॉकेट आयकॉम, केनवूड, येसू तिघांच्याही बऱ्याच सेटना दिसायला एकसारखा असतो, प्लगही बिनतक्रार बसतो. आतली जोडणी मात्र प्रत्येकाची वेगळी. आयकॉममध्ये 1 वर माईक, 2 वर 8 व्होल्ट, 5 वर पीटीटी (दाबून बोलायचं बटण), 6 पीटीटीचा ग्राउंड आणि 7 माईकचा ग्राउंड. केनवूडमध्ये पीटीटी 2 वर असतो. म्हणजे केनवूडचा माईक आयकॉमला लावून बटण दाबलं, तर सेटचे 8 व्होल्ट शॉर्ट होऊ शकतात. म्हणून प्लग बसतोय यावर विसंबायचं नाही. सेटचं मॅन्युअल उघडून एकेक पिन मीटरने तपासायची आणि त्यानंतरच सोल्डरिंग गन गरम करायची.

नंबर कुठून मोजायचे, यावरही पुष्कळ घोळ होतो. सेटच्या सॉकेटकडे समोरून पाहताना जो क्रम दिसतो, तोच क्रम प्लगच्या सोल्डरच्या बाजूने दिसतो. प्लगच्या तोंडाकडून पाहिलं की तो आरशातल्यासारखा उलटा होतो. मी कागदावर सोल्डरच्या बाजूचंच चित्र काढलं आणि प्रत्येक वायरवर नंबर घातलेली चिकटपट्टी गुंडाळली.

आयकॉमच्या 1 नंबरवर इलेक्ट्रेटसाठी डीसी व्होल्टेज येतं. डायनॅमिक माईकला त्याची गरज नाही, उलट ते कॉइलमधून वाहू द्यायचं नसतं. मध्ये कपॅसिटर टाकला की डीसी अडतं आणि आवाज पुढे जातो. पण नुसत्या कपॅसिटरने भागलं नाही. इलेक्ट्रेटच्या मानाने डायनॅमिकचा सिग्नल फार क्षीण असतो. माईक गेन (आवाज वाढवायचं बटण) टोकाला नेला तरी एएलसीचा, म्हणजे सेटला पुरेसा आवाज मिळतोय का ते दाखवणारा, काटा जेमतेम हलत होता. म्हणून बीसी547 या एका ट्रान्झिस्टरचा, सिग्नल वाढवणारा छोटा प्रीअॅम्प केला: कलेक्टरला 2.2 किलोओहम, एमिटरला 100 ओहम, बेसला कलेक्टरवरून 220 किलोओहम. त्याला वीज 2 नंबरच्या 8 व्होल्टवरूनच दिली. त्या पिनेवरून 10 मिलिअँपियरपेक्षा जास्त घ्यायचे नसतात, आणि याला दोन-तीन पुरतात.

बाहेर जाणारा कपॅसिटर मुद्दाम लहान ठेवला, 0.22 मायक्रोफॅरडचा. गाण्याबजावण्याचा माईक तोंडाजवळ धरला की आवाजाला घुमारा येतो. मंडपात तो चांगला वाटतो, पण रेडिओवर त्यात सगळी ताकद वाया जाते. एसएसबीत (एचएफवर बोलायच्या नेहमीच्या पद्धतीत) आपल्याला साधारण 300 ते 2700 हर्ट्झएवढीच जागा असते आणि शब्द ओळखू येतात ते त्यातल्या वरच्या भागामुळे. या कपॅसिटरने 250 हर्ट्झच्या खालचा घुमारा कापला गेला.

पीटीटीसाठी दारावरच्या बेलचं बटण घेतलं आणि एका लाकडी फळीवर बसवलं. पीटीटी म्हणजे 5 नंबर ग्राउंडला टेकवणं, एवढंच. त्याची परतीची वायर 6 वर नेली, माईकची 7 वर, दोन्ही एकत्र केल्या नाहीत. माईकच्या बुडाच्या तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटची 2 नंबरची पिन प्रीअॅम्पच्या इनपुटला जोडली, 3 नंबरची माईकच्या ग्राउंडला. शिल्ड, म्हणजे वायरवरची जाळी, मात्र प्लगच्या धातूच्या टोपणाला पक्की सोल्डर केली.

पहिली चाचणी 50 ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) घेतली. हेडफोनमध्ये मॉनिटरवर आवाज छान आला. तोच सेट गच्चीवरच्या 40 मीटर बँडच्या डायपोल अँटेनाला लावून 100 वॅटवर बोललो, तर आवाज घोगरा, फाटका. 10 वॅटवर पुन्हा स्वच्छ. डमी लोडवर ठीक आणि अँटेनावर बिघडतं, ताकद कमी केली की सुधारतं, म्हणजे दोष प्रीअॅम्पच्या हिशोबात नव्हता. अँटेनातून निघालेली आरएफ (रेडिओलहर) माईकच्या वायरवरून आत शिरत होती. प्रीअॅम्प पत्र्याच्या डबीत घातला, डबी शिल्डला जोडली, बेस आणि ग्राउंडमध्ये 1 नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला आणि सेटजवळ वायरचे काही वेढे फेराइटच्या रिंगमधून घेतले. घोगरेपणा गेला. तीन फेजची लाईट आली की शेजारच्या बोअरच्या स्टार्टरचा खरखराट अजून ऐकू येतो, पण तो रिसिव्हरचा प्रश्न आहे, त्याचं वेगळं बघावं लागेल.

खरी परीक्षा हवेवर होती. सकाळी 40 मीटर बँडवर नांदेडच्या मित्राला म्हटलं, "मी गावांची नावं एकदाच म्हणतो. तू लिहून घे आणि वाचून दाखव, स्पेलिंग विचारायचं नाही." लोहा, लोहारा, उमरी, उमरगा, परळी, परभणी, औसा, औंढा. कूलर मागे चालूच ठेवला होता. त्याने वाचून दाखवलेल्या यादीत सगळी नावं बरोबर होती. फक्त औसा लिहिताना तो क्षणभर थांबला होता, कारण 'सा' मंद ऐकू आला. माईक तोंडासमोर सरळ न धरता किंचित तिरका केला आणि गेन थोडा वाढवला, तेव्हा 'सा'ही ठसठशीत गेला.

आता त्यालाही असाच माईक हवा आहे. त्याचा सेट केनवूडचा, म्हणून ही वायर त्याला जशीच्या तशी देता येणार नाही. पीटीटी 2 वर न्यायचा, वीज 5 नंबरवरून घ्यायची आणि तिथला माईक इनपुट डायनॅमिकसाठीच असल्याने प्रीअॅम्प बहुधा लागणारच नाही. त्याने मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो पाठवला की प्लग सोल्डर करायला घेतो.