केळीच्या सालीने शिसं निघालं, रिपोर्ट निघता निघेना

एमएस्सीचा प्रोजेक्ट होता, केळीच्या सालीने पाण्यातलं शिसं काढायचं. साली माटुंग्याच्या वेफर्सवाल्याने फुकट दिल्या, धुतल्या, वाळवल्या, मिक्सरला लावल्या, चाळल्या, लेड नायट्रेट, म्हणजे शिशाचा क्षार, विरघळवलेल्या पाण्यात ढवळून गाळलं, झालं. अडलं टेस्टिंगला. कॉलेजच्या एएएस मशीनला (धातू मोजायचं यंत्र, त्याला प्रत्येक धातूचा वेगळा लॅम्प लागतो) शिशाचा लॅम्पच नाही, म्हणून उपनगरातली एक प्रायव्हेट लॅब गाठली.

काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या पिण्याचं पाणी ना, मग पूर्ण पॅकेज घ्या. त्यात पीएच, टीडीएस, हार्डनेस, कोलीफॉर्म, शिसं सोडून सगळं! फक्त शिसं हवंय म्हटलं तर फॉर्मवर तसा रकानाच नाही. सर जेवायला गेलेत, थांबा. सर आले तर कॉलेजचं लेटरहेड आणा. लेटरहेड आणलं तर त्यावर गाइडची सही हवी. एवढं करून रिपोर्ट आला तो सगळ्या बाटल्यांना 'बीडीएल', म्हणजे मशीनला दिसलंच नाही. अहो, पावडर न घातलेल्या बाटलीत मीच लिटरला ०.०५ मिलिग्रॅम शिसं मोजून टाकलं होतं! तर मॅडम म्हणतात, "चांगलंय की मग, पाणी शुद्ध आहे." खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, मशीनची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, त्याच्या खालचं दिसत नाही. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची परवानगी ०.०१ पर्यंत. म्हणजे जवळपास दहापट शिसं असलं तरी यांचा कागद शुद्धच म्हणणार, आणि याचे पैसे घेतात!

त्यामुळे पैसे भरायच्या आधी डिटेक्शन लिमिट, म्हणजे मशीनला कमीत कमी किती दिसतं ते विचारा, आयसीपी-एमएस किंवा ग्राफाइट फर्नेस या जास्त बारीक मोजणाऱ्या मशीनवर करणार का ते विचारा. आणि हो, गाळल्यावर लगेच नायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच २ च्या खाली आणायचा, नाहीतर शिसं बाटलीला चिकटतं आणि श्रेय फुकट सालीला मिळतं. पण ढवळताना पीएच ५ च्या आसपास ठेवा, जास्त आम्लात सालीवरच्या जागा हायड्रोजनच अडवतो. पावडर आधी भरपूर धुवा, पाणी पिवळं होतं. शेवग्याच्या बिया मुख्यतः पाण्याचा गढूळपणा काढायला, मला त्याच घे म्हणून सगळे सांगत होते.

शेवटी दुसऱ्या लॅबमध्ये आयसीपी-एमएसवर करून घेतलं. पावडर न घातलेल्या बाटलीचा आकडा माझ्या मोजमापाशी जुळला तेव्हा कुठे जीवात जीव आला, सालीवाला आकडा तर मी गाइडना जिन्यातच दाखवला.

आईने लगेच विचारलं, माठात टाकू का साली? नको गं बाई, कुजतील. आणि वापरलेली पावडर ओल्या कचऱ्यात टाकू नका, त्यात शिसं आहे, कॉलेजच्या केमिकल वेस्टमध्येच द्या.