पाणी किती, यापेक्षा पाणी कधी

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर भागात बर्फाचा विषय काढला की लोकं म्हणतात, भाऊ आपला काय संबंध, इथं तर मे महिन्यात पारा ४५ च्या वर. पण संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे.

हिमालयात काय किंवा कॅलिफोर्नियाच्या डोंगरात काय, हिवाळ्यात पडलेला बर्फ म्हणजे न बांधलेलं धरण. पिकाला गरज असते तेव्हाच तो हळूहळू वितळून खाली येतो. कॅलिफोर्नियाचं साधारण ३० टक्के पाणी असंच येतं. आता हवा तापली की बर्फाऐवजी पाऊस पडतो आणि तो लगेच वाहून जातो, जो बर्फ पडतो तोही लवकर वितळतो. मग धरणात अडवा ना, तर तेही पूर्ण जमत नाही, कारण पुराच्या भीतीने हिवाळ्यात धरणात जागा मोकळी ठेवावी लागते, म्हणजे पाणी आलं तरी सोडून द्यायचं आणि भर उन्हाळ्यात पिकं मागतात तेव्हा नदी बारीक झालेली. १ एप्रिल २०१५ ला तिथं बर्फ मोजला तर सरासरीच्या जेमतेम ५ टक्के निघाला. पण वर्षाचं पाणी पूर्ण आलं तरी वेळ चुकली की शेतकऱ्याच्या हातात काही राहत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता आपलं बघा. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, वाळूचा जाड थर आहे, बझाडा म्हणतात त्याला. डोंगरातून उतरलेलं पाणी त्यात भराभर मुरतं आणि पुढं आपल्या ट्यूबवेलला येतं. आपला साठा हाच, फक्त तो जमिनीखाली आहे. पण मुरायला पाऊस सावकाश पडावा लागतो. महिन्याचा पाऊस दोन-तीन तासांत कोसळला तर सगळं नाल्यातून सरळ तापीत, हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत ते उघडायची वेळ येते, आणि आपण पुलावरून मोबाईलमध्ये व्हिडिओ काढतो. तेच पाणी मे मध्ये लागतं.

मे मध्ये बागेत दुपारी जाऊन बघा. केळीची पानं मधल्या दांड्याला मिटून खाली लोंबलेली असतात, उन्हातल्या लॅटरलला, म्हणजे ठिबकच्या नळीला, हात लावला तर चटका बसतो, आणि लाईट आहे तोवर मोटर चालवायची तर थोड्या वेळात पाण्याऐवजी नुसती हवा फेकते. मग मोटर खाली सोडायला कॉलम पाईप वाढवा नाहीतर नवीन बोअर घ्या. ऊन वाढलं की झाड पाणी जास्त मागतं आणि नेमकं तेव्हाच खाली पाणी नसतं. कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, निसवत (घड बाहेर पडत) असेल तर घड भरतच नाहीत, त्या माणसाचं वर्ष गेलं.

लडाखमध्ये छेवांग नॉर्फेल नावाच्या इंजिनिअरने यावर फार साधं काम केलं. पेरणीला पाणी एप्रिल-मे मध्ये लागतं, पण उंचावरच्या हिमनद्या उशिरा वितळतात. तर त्यांनी हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी गावाजवळ, सावलीच्या उतारावर अडवून गोठवलं, ते खाली असल्यामुळे आधी वितळतं आणि पेरणीला सापडतं. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाणी वाढवलं नाही हो, फक्त थांबवून ठेवलं.

तापीचं पाणी जमिनीत मुरवायची मोठी योजना आहे, तापी मेगा रिचार्ज, तिच्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचा करार मे २०२५ मध्ये झाला, मनापासून आनंद आहे, पण काम मोठं आहे, वेळ लागेल. तोवर नाला आपल्या बांधावरून जातो ना. आम्ही भाऊबंदांनी ठरवलंय की पावसाआधी नाल्याचं पाणी कोरड्या पडलेल्या जुन्या ट्यूबवेलकडे वळवायची सोय करायची. फक्त गढूळ पाणी सरळ आत सोडायचं नाही, गाळाने बोअर कायमचा बसतो. आधी खड्डा करून खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू, आणि पहिल्या पुराचं पाणी तर बाजूनेच जाऊ द्यायचं. कोणी हे केलं असेल तर वाळूचा थर किती जाड ठेवला आणि दरवर्षी बदलावा लागतो का, ते नक्की सांगा.