जुनं डोमेन, बडोदा आणि वडोदरा

रावपुऱ्यातलं लग्नपत्रिकांचं दुकान सासऱ्यांचं, पण वेबसाइट माझ्या गळ्यात. इतक्या वर्षांत दुकानाची तीन डोमेन, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, झाली होती: २०११ चं डॉट कॉम, मध्येच कुणीतरी घ्यायला लावलेलं डॉट को डॉट इन आणि आत्ताचं डॉट इन. यंदा ठरवलं, जुनी दोन्ही मोडीत काढायची आणि येणाऱ्यांना नव्याकडे वळवायचं. दोन दिवसांचं काम धरलं होतं, सात आठवडे लागले.

डॉट को डॉट इन अर्ध्या तासात उरकलं. जीव काढला तो डॉट कॉमनं.

झालं असं, की चार पैसे वाचवायला मी मार्चमध्ये जुनं होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा, बंद केलं. दुकानाचा जुना ईमेल त्यावरच होता, तोही गेला. आणि डोमेन ज्या कंपनीकडून घेतलं होतं, तिथल्या खात्याला नोंदवलेला ईमेल नेमका तोच! लॉगिनला ओटीपी, तो मेलवर. मेल पुन्हा सुरू करायचा तर डोमेनच्या सेटिंगमध्ये शिरायला हवं, आणि शिरायला ओटीपी हवा. कपाट बंद, किल्ली आत. तेव्हा खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा कधीही ठेवू नका.

मग चॅट. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. मालकी सिद्ध करा म्हणाले, जीएसटीचं सर्टिफिकेट पाठवलं. चार दिवसांनी उत्तर: पत्ता जुळत नाही. त्यांच्या नोंदीत शहर ‘बरोडा’, सर्टिफिकेटवर ‘वडोदरा’. मी लिहिलं, अहो, गाव एकच आहे, पिनकोड बघा, दोन्हीकडे ३९०००१. पुन्हा तेच छापील उत्तर. अप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं तर ते उसळलेच. “अगं, स्टेशनवर वडोदरा लिहिलंय आणि रेल्वेचा कोड बीआरसी. बँकेच्या नावात आजही बरोडा आहे. त्यांचे व्यवहार अडतात का कुठे?” अप्पांचं म्हणणं मी इंग्रजीत करून पाठवलं. काडीचा उपयोग झाला नाही.

इकडे मुदत संपायला १९ दिवस. डॉट कॉमची मुदत टळली की कंपनी थोडे दिवस थांबते, मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, त्यानंतर ५ दिवसांत नाव मोकळं. मग ते कुणीही घ्यावं आणि तिथे काहीही मांडावं. आमच्या जुन्या पाकिटांच्या मागे तोच पत्ता छापलेला, अर्ध्या दांडिया बाजारात ती पाकिटं असतील. मला झोप लागेना.

सुटका केली ती अप्पांच्या बॉक्स फाइलनं. विजेच्या बिलांखाली २०११ ची डोमेनची पावती निघाली, भोकं पाडून नीट लावलेली. तिच्यावर ऑर्डर नंबर, दुकानाचं नाव आणि शहर, ‘बरोडा’. स्कॅन पाठवला आणि तिसऱ्या दिवशी खात्याचा ईमेल बदलून मिळाला. त्या संध्याकाळी दुकानात सगळ्यांना माझ्याकडून सेवउसळ.

वळवण्याचं काम त्यामानानं सरळ, तरी दोनदा चुकले. आधी जुनी सगळी पानं सरसकट नव्या मुखपृष्ठावर ढकलली. मुंजीच्या पत्रिका शोधणाऱ्या एक बाई तिथे पोचून गोंधळल्या आणि फोनवर म्हणाल्या, “मुंजीचं काम बंद केलंत का?” गूगललाही असं सरसकट वळवणं पटत नाही, ते पान हरवलंच असं धरतं. मग यादी करून बसले: मुंजीचं पान मुंजीकडे, बारशाचं बारशाकडे. आणि वळवताना ३०१ च निवडा, ते म्हणजे कायमचं वळवणं; ३०२ म्हणजे तात्पुरतं.

दुसरी चूक सर्टिफिकेटची. जुन्या डोमेनलाही एसएसएल, म्हणजे जोडणी सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट, लागतं. ते नसेल तर ब्राउझर आधी धोक्याची पाटी दाखवतो, वळवणं राहतं बाजूला. माझ्या नणंदेच्या फोनवर ती पाटी आली तेव्हा कळलं.

हो, आणि वळवलं म्हणून लगेच डोमेन सोडू नका. निदान वर्षभर चालू ठेवायला गूगलच सांगतं. पाकिटांच्या धास्तीनं मी पाच वर्षांचे पैसे भरून टाकले. पावती छापून अप्पांकडे दिली. त्यांनी पंचिंग मशीन मागितलं आणि विचारलं, “यावर शहर काय लिहिलंय?”