हौसा, शेवंता, अनुसया... यांनाही परत बोलवा की

जुनी नावं परत येतायत असं सगळे म्हणतात आणि ते खरंय, पण कुठली जुनी नावं येतायत ते जरा नीट बघा. आमच्या कोल्हापुरात आता कुठल्याही बालवाडीत डोकावलं तर सई आहे, जिजा आहे, रमा, मुक्ता, तारा, अहिल्या आहेत. आम्ही शाळेत होतो तेव्हा हीच नावं म्हातारी वाटायची, वर्गात सगळ्या पूजा, प्रियांका, स्नेहल, अश्विनी. त्यामुळं आता एखादी आई बागेत "ए रमा, चप्पल घाल" म्हणून ओरडते तेव्हा मला खरंच लई भारी वाटतं.

पण त्याच बालवाडीत शेवंता नाही. हौसा नाही, अनुसया नाही, भागीरथी नाही, साळू, पारू, सुंदरा कुणीच नाही. म्हणजे नाव दोन अक्षरी पाहिजे, स्पेलिंग सोपं पाहिजे, आणि जमलं तर राजघराण्यातलं किंवा पुस्तकातलं पाहिजे, मगच त्याला आत घेतात. आणि राजघराण्यातलं असून पण सगळ्यांना घेतात असं नाही, शिवाजी महाराजांच्या राण्यांचंच बघा, सई परत आली, सोयरा कुठंकुठं ऐकू येते, पण पुतळा, सगुणा, सकवार यांना कोण विचारतंय? शेतात भांगलणीला जाणाऱ्या, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांची जी नावं होती ती तर सरळ दाराबाहेरच. मला हे मनापासून खटकतं.

आणि आपल्या गावाला बायकांच्या नावांचं वावडं आहे असं पण नाही. इथं ताराबाई पार्क आहे, लक्ष्मीपुरी आहे, पद्माराजे आणि उषाराजे या नावाच्या शाळा आहेत, एम.एल.जी. म्हणजे महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावाची शाळा आहे. शाहू महाराजांनी राधानगरीला नाव दिलं ते आपल्या मुलीचं, राधाबाई अक्कासाहेबांचं. रिक्षावाले दिवसभर ताराबाई पार्क, ताराबाई पार्क करतात आणि त्यात कुणाला काही जुनाट वाटत नाही. देवी तर विचारूच नका, अंबाबाई, त्र्यंबोली, कात्यायनी, एकवीरा. आणि नद्या! पंचगंगा ज्यांची होते त्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, मग वारणा, दूधगंगा, हिरण्यकेशी. वारणा हे किती सुंदर नाव आहे मुलीचं, मी तर आजवर एकच वारणा बघितलीय.

ह्या सगळ्यात मी पडले ते भावाला मुलगी झाली म्हणून. मी आत्या, म्हणजे बारशाला कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान माझा. मग मी घरातल्या बायकांची नावं गोळा करायला लागले आणि तिथं एक गोष्ट कळली, जी मला माहीत असायला हवी होती असं नाही कारण आमच्यात ती कुणी बोलतच नाही. बाबांची एक काकी आहे, आम्ही काकीआज्जी म्हणतो, रेशनकार्डावर सुशीला. तिला विचारलं, सुशीला नाव कुणी ठेवलं गं तुझं? ती शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "सुशीला हितलं. माझं नाव शेवंता. लग्नात ताटात तांदूळ पसरलं आन् ह्यांनी अंगठीनं नाव लिवलं. मला कुठं वाचता येत हुतं, भटजीनं वाचलं तवा कळलं आपुन सुशीला झालो." मग परत शेंगा फोडायला लागली आणि थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, माहेरी आई शेवंते म्हणायची, नंतर भाऊ म्हणायचा, भाऊ गेला तसं कोण म्हणत नाही.

आता मी तिला शेवंताआज्जी म्हणते. पहिल्या हाकेला तिनं ओ दिलीच नाही, सवयच गेली होती.

त्यानंतर मी प्रत्येकीला माहेरचं नाव विचारत सुटले. मालतीची निघाली हौसा, विमलची निघाली अनुसया, आईच्या मावशीचं तर कुणालाच सांगता आलं नाही, ती स्वतः नाही आणि तिच्या माहेरचं पण कुणी उरलं नाही. म्हणजे आपण ज्यांना आज्ज्यांची नावं म्हणतो ना, कुसुम, मालती, सुशीला, त्यातली कितीतरी त्या काळची फॅशनेबल नावं आहेत, सासरनं दिलेली, आणि खरी आई-बापानं ठेवलेली नावं त्याच्याखाली गाडली गेलीत. सिनेमात पण हेच, आपल्या सुलोचनादीदी मूळच्या रंगू, भालजी पेंढारकरांनी सुलोचना केलं. आता सुलोचना पण जुनं झालं आणि रंगू तर कुणाला आठवतच नाही.

सगळीच जुनी नावं आणा असं माझं म्हणणं नाही, हे पण स्पष्ट लिहिते. नकुसा नको. पाठोपाठ मुली झाल्या की नको असलेली म्हणून हे नाव ठेवायचे, आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात 2011 साली जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन 285 मुलींची ही नावं बदलली, त्या पोरींनी स्वतः नवी नावं निवडली. असली नावं गेली ते बरंच झालं. धोंडाबाई, दगडाबाई यांची गोष्ट वेगळी, ती मुलं जगत नव्हती म्हणून, कुणाची नजर लागू नये म्हणून ठेवलेली, त्यात आईबापाची माया होती, पण आज कुणी ठेवावीत असं मी पण म्हणणार नाही.

पण हौसा? हौसेनं झालेली पोर, त्यात वाईट काय आहे सांगा. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मुलीचं नाव हौसा होतं, हौसाताई पाटील, प्रतिसरकारच्या तुफान सेनेसाठी काम केलेल्या, इंग्रजांशी लढलेल्या, 2021 ला गेल्या. एवढं मोठं माणूस ह्या नावाचं आपल्या शेजारच्या जिल्ह्यात होऊन गेलं आणि आपण म्हणायचं की हे नाव गावंढळ वाटतं? केसर आणि मोगू घ्या, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघी मोठ्या शास्त्रीय गायिका, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब म्हणजे आपल्या शाहू महाराजांच्या दरबारातले गवई. केसर तर आजच्या कुठल्याही लिस्टमध्ये बसेल, बाई काढा हवं तर, बाई हा मान आहे, तो मोठी झाल्यावर मिळेल तिचा तिला.

वहिनीचं म्हणणं पण खोटं नाही. ती म्हणते, "ताई, शाळेत पोरं चिडवतील ओ, भोगायचं तिला आहे, आपल्याला नाही." बरोबर आहे, चिडवतात. पण चिडवतात कधी, नाव वर्गात एकटं असतं तेव्हा. पहिल्या सईला पण चिडवलंच असणार की कुणीतरी, आता एका वर्गात तीन सई आहेत तर कोण कुणाला चिडवणार. कुणीतरी पहिली हौसा व्हायला पाहिजे, आणि ते आपल्या पोरीवर लादायचं का हा प्रश्न मला पण पडतो, रात्री पडल्यापडल्या पडतो. भावाला अद्विका पाहिजे. अद्विका वाईट नाही, पण आमच्या बिल्डिंगमध्ये आधीच एक आहे आणि त्या नावाचं आमच्या घरातल्या कुणाशी काही नातं नाही.

म्हणून मधला मार्ग काढलाय. वहिनीच्या आज्जीचं माहेरचं नाव काय होतं ते ती तिच्या आईला विचारणार आहे, माझ्याकडं शेवंता, हौसा, अनुसया आहेतच, आणि वहिनीला वारणा ऐकून जरा बरं वाटलंय. महापालिकेत जन्माची नोंद नावाशिवाय झालीय, 12 महिन्यांच्या आत नाव घातलं तर फी पण लागत नाही. तोवर बाळ सगळ्यांचं चिऊ आहे. तुमच्या घरातल्या आज्ज्यांची माहेरची नावं विचारून मला खाली कळवा, लिस्टमध्ये घालते, पण आधी त्यांना विचारा, आजच.