मशीन लर्निंग आलं, मग डीएफटी कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

पदार्थविज्ञानात संगणकावर काम सुरू करणारे विद्यार्थी, आणि कधी कधी त्यांचे गाइडसुद्धा, हा प्रश्न हमखास विचारतात: "अणूंमधली बलं आता मशीन लर्निंगच सांगतं, मग डीएफटी करायची गरज उरली का? एक चांगला जीपीयू, म्हणजे समांतर गणितं वेगानं करणारी चिप, मिळाली की भागेल ना?"

भागत नाही. डीएफटीची, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या वागणुकीवरून बलं काढायची, गणितं संख्येनं खूप कमी होतात हे खरं, पण जी उरतात ती पूर्वीपेक्षा जास्त निगुतीनं करावी लागतात. जीपीयूची पाळी त्यानंतर येते. हे का, ते सिलिकॉनवरून सांगतो, कारण सिलिकॉन वरवर साधा दिसतो आणि चुका मात्र नेमक्या उघड्या पाडतो.

आधी गरज कुठून आली ते पाहू. डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे डीएफटी, इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून प्रत्येक अणूवरचं बल काढते. नेहमीच्या पद्धतीत अणू दुप्पट केले की मोठ्या सेलमध्ये (सेल म्हणजे अणूंचा तो डबा, जो सगळ्या दिशांना पुन्हा पुन्हा येतो असं धरतात) वेळ साधारण आठपट होतो. या बलांनी अणू पायरी-पायरीनं हलवत नेणं म्हणजे मॉलेक्युलर डायनॅमिक्स. ६४ अणूंच्या सिलिकॉनला एका पायरीसाठी एक मिनिट लागतं असं धरा. पायरी एका फेम्टोसेकंदाची (नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग), म्हणजे एका नॅनोसेकंदाला १० लाख पायऱ्या, म्हणजे जवळजवळ ६९४ दिवस. आणि ६४ अणूंत द्रवणांक नीट मोजता येत नाही, त्याला काही हजार अणू लागतात. तिथे डीएफटीचा रस्ता बंद होतो.

२००७ मध्ये बेहलर आणि पारिनेल्लो यांनी न्यूरल नेटवर्कनं तो उघडला. एकूण ऊर्जा म्हणजे प्रत्येक अणूच्या वाट्याची बेरीज, आणि तो वाटा ठरतो फक्त ५-६ अँगस्ट्रॉमच्या आतल्या शेजाऱ्यांवरून. वेळ अणूंच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढतो. पुढे गॅप, डीपीएमडी, नेक्विप, मेस ही मॉडेलं आली. त्यांची वर्णनं वेगळी असली तरी मूळ कल्पना हीच.

पण मॉडेल शिकतं ते डीएफटीनं दिलेल्या आकड्यांवरून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सिलिकॉनचा द्रवणांक १६८७ केल्विन. डीएफटीत इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेसाठी एक अंदाजी सूत्र, म्हणजे फंक्शनल, निवडावं लागतं. पीबीई फंक्शनल वापरलं तर डीएफटीचा स्वतःचा आकडा १५०० केल्विनच्या आसपास येतो, एलडीए या दुसऱ्या फंक्शनलचा १३०० च्या आसपास. पीबीईवर शिकवलेलं मॉडेल १६८७ दाखवू लागलं तर आनंद मानू नका. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं आहे असं समजा आणि शोधायला लागा.

आता या आकड्यांबद्दल, कारण बहुतेक कामं इथेच बिघडतात. ६४ अणूंच्या एका फ्रेममधून (फ्रेम म्हणजे एका क्षणीची अणूंची मांडणी) ऊर्जेचा १ आकडा मिळतो, बलांचे १९२ आणि ताणाचे ६. एक हजार फ्रेम म्हणजे बलांचे जवळजवळ दोन लाख आकडे. बलं वगळून फक्त ऊर्जेवर शिकवणं म्हणजे हाताशी आलेलं फेकून देणं. हे आकडे स्वच्छ मिळवायचे तर मॉलेक्युलर डायनॅमिक्स चालवताना सुटलेली बलं थेट वापरू नका. वेळ वाचवायला त्या धावेत इलेक्ट्रॉनांची आवर्तनं लवकर थांबवलेली असतात. तिथून फक्त अणूंच्या जागा घ्या आणि निवडलेल्या प्रत्येक फ्रेमचं गणित कडक मर्यादेनं पुन्हा करा. के-पॉइंट्स म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या लहरी जिथे मोजायच्या ते नमुन्याचे बिंदू. त्यांची संख्या नव्हे, घनता सारखी ठेवा: ८ अणूंच्या सेलला ८×८×८ असेल तर ६४ अणूंच्या सेलला ४×४×४. एनर्जी कटऑफ (किती बारीक लहरी धरायच्या ती मर्यादा) आणि स्मिअरिंगची रुंदी (इलेक्ट्रॉनांच्या भरल्या-रिकाम्या पातळ्यांमधली सीमा किती पसरवायची ते) सगळीकडे एकच.

स्मिअरिंगमधली एक चूक फार ठिकाणी दिसते. व्हास्प हा डीएफटीचा प्रोग्रॅम दोन प्रकारच्या ऊर्जा छापतो: एक मुक्त ऊर्जा, दुसरी स्मिअरिंग शून्याकडे नेऊन काढलेली. बलं ही पहिलीची अवकलजं आहेत. एएसई या पायथन लायब्ररीनं आउटपुट वाचलं तर न सांगता दुसरी ऊर्जा हातात पडते. घन सिलिकॉनमध्ये दोन्ही जवळजवळ सारख्याच, म्हणून काही कळत नाही. द्रव सिलिकॉन मात्र धातूसारखा वागतो, तिथे दोन्हींत फरक पडतो. मग घन आणि द्रव यांच्या ऊर्जांचा तोलच ढळतो. किती? सिलिकॉनची वितळण्याची उष्णता अणूमागे सुमारे ०.५२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तिला १६८७ नं भागा: घन-द्रव तोलातली १ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची चूक द्रवणांक सुमारे ३ केल्विननं हलवते. १० ची चूक, ३० केल्विन. नेटवर्क बदलून बदलून आठवडे घालवले जातात, आणि दोष फाइल वाचण्याच्या एका ओळीत असतो.

ताणाचंही तसंच. व्हास्प किलोबारमध्ये छापतो, चिन्ह एएसईच्या उलट असतं, आणि १ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति घन अँगस्ट्रॉम म्हणजे सुमारे १६०२ किलोबार. चिन्ह उलटं गेलं तर स्थिर आकारमानाच्या धावेत सगळं ठीक दिसतं आणि दाब सोडला की सेल फुगत किंवा आक्रसत जातो.

कोणत्या फ्रेम निवडायच्या? सिलिकॉनचं सगळ्यात वेगवान कंपन साधारण ६४ फेम्टोसेकंदांचं. लागोपाठच्या फ्रेम म्हणजे एकाच फोटोच्या प्रती, म्हणून ५० ते १०० फेम्टोसेकंदांनी एक उचला. यातूनच परीक्षेचा घोटाळाही होतो: एकाच धावेतल्या फ्रेम पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के परीक्षेला वाटल्या की परीक्षेतला प्रश्न अभ्यासात येऊन गेलेलाच असतो, आणि चूक फारच लहान दिसते. परीक्षेसाठी वेगळी धाव, शक्यतो वेगळं तापमान ठेवा. शिवाय फक्त घनावर शिकलेल्या मॉडेलला द्रव कळत नाही. घनात प्रत्येक अणूला चार शेजारी, द्रवात सहाच्या आसपास, आणि द्रव घनापेक्षा दाट. ताणलेले, दाबलेले सेल हवेत, एखादा अणू काढलेलेही. अगदी जवळ आणलेले दोन अणूही तपासा. एका अँगस्ट्रॉमवर ऊर्जा उंच चढायला हवी. तिथे खड्डा निघाला तर गरम धावेत अणू एकमेकांवर कोसळतात. त्यावर झेडबीएल हे तयार प्रतिकर्षण जोडणं हा सरळ उपाय.

उणीव शोधायची सोपी रीत अशी: तेच आकडे, वेगळी सुरुवात, अशी चार मॉडेलं शिकवायची आणि कुठे त्यांची बलं पटत नाहीत ते पाहायचं. मध्यम मतभेदाच्या फ्रेम डीएफटीकडे पाठवा. टोकाच्या मतभेदाच्या फ्रेम बहुधा मोडून पडलेल्या रचना असतात. त्यांचं गणित जुळतही नाही आणि त्यांतून शिकण्यासारखंही थोडंच.

यंत्राचा प्रश्न आता. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रावर वेळ मिळाला तर डीएफटीसाठी एका फ्रेमला शेकडो कोअर देऊ नका. ६४ अणूंच्या गणिताला ते पेलत नाहीत, कोअर एकमेकांची वाट बघत बसतात. के-पॉइंट्सवर विभागणी करा आणि स्लर्म या जॉबची रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या अ‍ॅरे जॉबनं (एकाच हुकमात अनेक सारखी कामं) शंभर फ्रेम शेजारी शेजारी सोडा. काही हजार फ्रेमवर शिकवायला बहुधा एकच जीपीयू पुरतो. चार लावले तर बॅच, म्हणजे एका वेळी शिकवायच्या फ्रेमचा गठ्ठा, चौपट होते, मग लर्निंग रेट, म्हणजे दर वेळी मॉडेल किती बदलायचं तो वेग, पुन्हा जुळवावा लागतो. ठराविक वेळानं चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या मॉडेलची प्रत, लिहा आणि त्यात ऑप्टिमायझरची (मॉडेल सुधारत नेणाऱ्या पद्धतीची) अवस्थाही ठेवा, नाहीतर वेळमर्यादा संपून जॉब पुन्हा लावला की शिकण्याचा आलेख उडी मारतो.

एका गोष्टीकडे फार कमी लोक बघतात. एक लाख अणू, अणूमागे ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, बेरीज पाच लाख. ३२ बिटांच्या आकड्यात तिथे शेजारच्या दोन संख्यांमधलं अंतरच सुमारे ०.०३ असतं. ऊर्जा टिकते की वाहते हे अशा बेरजेवरून बारकाईनं कळणारच नाही. बलं ३२ बिटांत चालतील, बेरीज ६४ मध्ये करा. फोनॉन, म्हणजे स्फटिकाची कंपनं, काढताना सगळंच ६४ मध्ये.

अनेक जीपीयूंवर जायचं असेल तर मॉडेल निवडतानाच विचार करा. काही मॉडेलांत अणू आपल्या शेजाऱ्यांची माहिती एकमेकांना कळवतात. असं दोन थरांचं संदेश देणारं मॉडेल ६ अँगस्ट्रॉमच्या जागी प्रत्यक्षात १२ पर्यंत बघतं. प्रत्येक जीपीयूला शेजाऱ्याचे तितके जास्त अणू लागतात आणि देवाणघेवाण वाढते. डीपीएमडी काटेकोरपणे स्थानिक आहे, म्हणूनच २०२० मध्ये समिट या महासंगणकावर १० कोटींहून जास्त अणू चालवता आले. त्या कामाला गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं.

"मग तयार मॉडेल घेऊ का?" हेही विचारलं जातं. घ्या, सुरुवातीला. मेस-एमपी-० सारखी मॉडेलं सुमारे १५ लाख रचनांवर शिकलेली आहेत. पण त्या बहुतेक समतोलाजवळच्या, त्यामुळे दूर गेल्यावर अशी मॉडेलं बलं थोडी कमी सांगतात, स्फटिक प्रत्यक्षापेक्षा मऊ वाटतो. काही शे स्वतःच्या फ्रेमवर पुढे शिकवलं की हे बरंच सुधारतं.

शेवटी द्रवणांक. ८ अणूंचा सेल ६×६×२४ वेळा जोडला, म्हणजे ६९१२ अणू, अर्धे घन, अर्धे द्रव. उष्णता आतबाहेर न होऊ देता दाब फक्त लांबीच्या दिशेनं मोकळा ठेवला की तापमान आपोआप द्रवणांकावर स्थिरावतं. ही धाव सुरू झाली की चार मॉडेलांचे मतभेद पाहा: ते बहुधा घन आणि द्रव यांच्या सीमेवरच्या अणूंवर गोळा झालेले दिसतील, कारण तसा शेजार त्यांना कुणी दाखवलेलाच नसतो. मग तसाच २×२×६ वेळा जोडलेल्या सेलची, १९२ अणूंची तशीच सीमा असलेली छोटी रचना बनवायची आणि तिच्या पन्नासएक फ्रेम डीएफटीला द्यायच्या. ६४ च्या तुलनेत प्रत्येक फ्रेम सुमारे २७ पट महाग पडते. ती द्यावीच लागते.