“कुणाला काही प्रश्न?”

परदेशात आल्यावर पहिली दोन वर्षं ऑनलाइन मीटिंगमध्ये मी जवळपास मुकीच होते. विषय डोक्यावरून जायचा असं नाही. परक्या भाषेतलं वाक्य मनात जुळवायचं, क्रियापदाचा काळ एकदा तपासायचा, मग म्यूट काढायचं. तोवर गाडी पुढच्या मुद्द्यावर गेलेली असायची. ऑफिसात माझी ख्याती ‘शांत स्वभावाची’ अशी झाली. हे फोनवर सांगितलं तेव्हा आईला हसू आवरेना.

मग पारडं फिरलं. चार देशांत विखुरलेल्या टीमची साप्ताहिक मीटिंग माझ्या गळ्यात पडली. पहिल्या दिवशी वीस मिनिटं स्लाइड दाखवून विचारलं, “कुणाला काही प्रश्न?” समोर चौदा चौकोन, त्यातले अकरा काळे. कुणाच्या तरी माइकमधून पंख्याची घरघर. दोन सेकंदांत माझा धीर सुटला आणि “बरं, मग पुढे जाऊ” म्हणून मी मोकळी झाले. मीटिंग संपताच दोघांचे खासगी मेसेज. प्रश्न होते की!

ती दोन सेकंदं मला एवढी का टोचली, ते पुढे वाचताना कळलं. २००९ साली दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं मोजली गेली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग जातो. आता यात नेटवर्क घाला. आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंद लागले तरी तांत्रिक मानकांच्या लेखी ते उत्तम. पण माझा प्रश्न जाऊन उत्तर यायचं म्हणजे दोन फेऱ्या, ३०० झाले. बोलण्यात शिरायची फटच हुकते. दोघं एकदम सुरू होतात, “तुम्ही बोला”, “नाही, आधी तुम्ही”, आणि शेवटी दोघंही गप्प.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांत हेच पाहिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबत. तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबत आणि एरवी न बोलणारी मुलंही तोंड उघडत. मी आता प्रश्न विचारला की पाण्याचा ग्लास उचलते. तोंडात पाणी असलं की माणसाला गप्प बसावंच लागतं.

प्रश्नही बदलला. “काही प्रश्न?” याला गप्प बसणं हे सगळ्यात सोपं उत्तर आहे. त्याऐवजी, “पहिला पर्याय की तिसरा? चॅटमध्ये आकडा लिहा, पण मी ‘आता’ म्हणेपर्यंत पाठवू नका.” नाहीतर साहेबांचा आकडा आधी उमटतो आणि बाकीचे तोच गिरवतात. ‘आता’ म्हटल्यावर चौदा आकडे धबाधब पडतात; मग ज्याचा वेगळा असेल त्याला कारण विचारायचं. मुख्य प्रश्न आदल्या दिवशीच पाठवते. परक्या भाषेत बोलणाऱ्याला वाक्य जुळवायला रात्र मिळते. मला कुणी दिली असती तर!

कॅमेरा सुरू करा म्हणून मागे लागत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली. त्यात सतत स्वतःचाच चेहरा दिसणं हेही एक. शिवाय माझ्या सकाळी टीममधल्या एकाच्या घरी मध्यरात्र झालेली असते, शेजारी मूल झोपलेलं. चॅट हाच त्याचा आवाज.

ब्रेकआउट रूम, म्हणजे मीटिंगमधलाच छोटा वेगळा गट, तिघांची, पाच मिनिटांची, आणि येताना एक प्रश्न घेऊन यायचं, एवढंच. ‘स्वतःबद्दल एक गंमत सांगा’ छाप खेळ मात्र माझ्याच्याने होत नाहीत. माझी पाळी येईपर्यंत मला काहीच आठवत नाही.

मागच्या आठवड्यात, आठ महिन्यांत एकदाही न बोललेल्या मुलीने ‘३’ लिहिलं. कारण विचारलं आणि ग्लास उचलला. अर्धा ग्लास संपला. मग तिचं म्यूट निघालं. “तिसरा. पण तुमच्या स्लाइडवरच्या तारखा चुकल्यात.”

खरंच चुकल्या होत्या. तो रकाना मागच्या महिन्याचा होता, आणि आम्ही सगळे वीस मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो होतो.