एज्युरोम, आणि ‘डोमेन’ नावाचा रिकामा रकाना

विद्यापीठाचं खातं सुरू झालं, मूडलवर (अभ्यासक्रम आणि चाचण्यांचं संकेतस्थळ) विषय दिसू लागले, ग्रंथालयाचं लॉगिनही चाललं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते अँड्रॉइड फोन कॅम्पसच्या वायफायला, म्हणजे एज्युरोमला (अनेक विद्यापीठांत आपल्याच खात्याने चालणारं वायफाय) जोडताना, तेही ‘डोमेन’ या एकाच रकान्यावर. मदतकक्षाकडे तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा एकच उत्तर : ‘नेटवर्क फरगेट करा, पुन्हा जोडा.’ फोन रुसलाय आणि त्याची समजूत काढायचीय, अशा थाटात. इकडे वर्गातली चाचणी फक्त कॅम्पसच्या नेटवर्कवरूनच उघडते (मूडलमध्ये शिक्षकांना तशी अट घालता येते), त्यामुळे मोबाइल डेटावर भागत नव्हतं.

फोन म्हणत होता, ‘पासवर्ड तपासा’. पासवर्ड बरोबर होता. हा संदेश दिशाभूल करतो, कारण सर्टिफिकेट (सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र) जुळलं नाही तरी अनेक फोन हेच दाखवतात.

घरच्या वायफायला सगळ्यांना मिळून एक पासवर्ड असतो. एज्युरोमवर प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि त्याची तपासणी छतावरचा अॅक्सेस पॉइंट करत नाही, विद्यापीठाचा रेडियस सर्व्हर (खाती तपासणारा संगणक) करतो. पण पासवर्डची देवाणघेवाण सुरू होण्याआधी समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे फोनने पाहायचं असतं. ‘एज्युरोम’ नावाचं वायफाय कुणीही खिशातल्या राउटरवरून सुरू करू शकतो. पूर्वी ‘डू नॉट व्हॅलिडेट’ निवडून लोक ही तपासणी टाळत. अँड्रॉइड ११ च्या काळात, पिक्सेलवर डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून, तो पर्याय काढून टाकला गेला. मला पाठवलेल्या पीडीएफमध्ये मात्र तोच निवडायला सांगितलेला! नसलेलं बटण शोधण्यात एक दुपार गेली.

तो पर्याय नसला की अँड्रॉइड डोमेन विचारतो, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. मीही चुकलो : ईमेलमध्ये @ नंतर जे येतं ते टाकलं. तिथे हवं असतं रेडियस सर्व्हरच्या सर्टिफिकेटवरचं नाव. फोन फक्त शेपूट जुळवतो. सर्व्हरचं नाव ‘रेडियस.विद्यापीठ’ असेल तर नुसतं ‘विद्यापीठ’ लिहूनही चालतं. पण विद्यार्थ्यांचा ईमेल ‘स्टुडंट्स.विद्यापीठ’वर असेल आणि तेच डोमेनमध्ये भरलं, तर शेपूट जुळत नाही आणि फोन माघार घेतो. शिक्षकांचा ईमेल थेट ‘विद्यापीठ’वर असल्याने त्यांचं पहिल्याच फटक्यात जुळतं. म्हणून ‘आमच्याकडे तर चालतंय’ हे उत्तर खरंही असतं आणि निरुपयोगीही.

माझ्याकडे चाललेली मांडणी अशी : ईएपी पद्धत पीप, फेज २ मध्ये एमएसचॅप व्ही२, सीए (सर्टिफिकेट देणारी संस्था) सर्टिफिकेटमध्ये ‘यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स’, डोमेनमध्ये सर्व्हरच्या नावाचं शेपूट, आयडेंटिटीत @ सकट पूर्ण लॉगिन नाव. काही ठिकाणी पीपऐवजी टीटीएलएस आणि पॅप असतं. विद्यापीठाने स्वतःचंच मूळ सर्टिफिकेट बनवलं असेल तर ‘सिस्टिम’वाला पर्याय चालणार नाही, ती फाइल घेऊन फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘वायफाय सर्टिफिकेट’ म्हणून बसवावी लागते. तेव्हा मदतकक्षाला ‘वायफाय चालत नाही’ असं लिहू नका. ‘रेडियस सर्व्हरच्या सर्टिफिकेटवरचं नाव काय, आणि ते कोणत्या सीएचं आहे?’ एवढंच विचारा. चौथ्यांदा मी हे विचारलं, तेव्हा कुठे एका ओळीत उत्तर आलं.

एवढी यातायात टाळायला ‘गेट एज्युरोम’ हे अॅप आहे. विद्यापीठाने आपली माहिती तिथे भरली असेल तर नाव-पासवर्ड सोडून बाकी रकाने आपोआप भरतात. हे मला सगळ्यात शेवटी कळलं. अॅप मोबाइल डेटावर उतरवून घ्या, आणि हाताने जोडलेलं जुनं एज्युरोम आधी काढून टाका, नाहीतर ते आड येतं.

आयडेंटिटीत @ आणि पुढचा भाग गाळला तरी आपल्या कॅम्पसवर कधीकधी जोडणी होते. दुसऱ्या विद्यापीठात गेलात की मात्र नाही, कारण विनंती कोणाच्या सर्व्हरकडे पाठवायची हे @ नंतरच्या भागावरूनच ठरतं. कीबोर्डने सुचवलेलं नाव निवडलं तर शेवटी एक मोकळी जागा चिकटते, ती पुसा. जुन्या लॅपटॉपचं घड्याळ मागे पडलेलं असेल तर चांगलं सर्टिफिकेटही अवैध ठरतं; आधी तारीख पाहा. आयफोन सर्टिफिकेट दाखवून ‘ट्रस्ट’ विचारतो, तिथेही डोळे मिटून होकार देऊ नका, सर्व्हरचं नाव वाचा.

पासवर्ड बदलायचा असेल तेव्हा आधी फोन, टॅब, लॅपटॉप सगळीकडचं एज्युरोम काढा आणि मगच बदला. नाहीतर दप्तरातला टॅब जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, खातं लॉक होतं आणि त्याबरोबर मूडलही बंद. हे चाचणीच्या सकाळी करू नका.